लॉनवरची हळद आणि राख

पावसाळ्यात रत्नागिरीत काय उगवत नाही? चिऱ्याच्या गडग्यावर शेवाळ चढतं, कपाटातल्या चामडी पट्ट्याला बुरशी येते, जुन्या खोडांशी अळंबी निघतात. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत इथे तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. इतक्या ओलीत जे जगू शकतं ते सगळं वर येतं. आणि त्यातल्या बहुतेक गोष्टींना आपल्या बोलीत नाव आहे. खायची अळंबी कोणती आणि हात न लावायची कोणती, हे आपल्या आज्यांना पाठ होतं.

एका गोष्टीला मात्र नाव नाही. ती रात्रीतून येते. सकाळी गवतावर कुणी काहीतरी सांडल्यासारखी दिसते, दुपारी रंग बदलते आणि आठवड्याभरात नाहीशी होते. इंग्रजीत तिला स्लाइम मोल्ड म्हणतात. मराठीत श्लेष्मकवक असा शब्द आहे, पण तो पुस्तकाबाहेर पडलेला नाही. नाव नसलेली गोष्ट अंगणात दिसली की माणूस हाताशी असलेलं दुसरं नाव तिला चिकटवतो, आणि ते नाव बहुतेक वेळा भीतीचं असतं.

गेल्या वर्षी जुलैत आमच्या लॉनवर ती आली. लॉन म्हणजे बारा बाय पंधरा फुटांचा तुकडा, नर्सरीतून आणलेल्या गवताच्या चटया जोडून केलेला. एका कोपऱ्यात पूर्वी आंब्याचं झाड होतं. ते तोडलं, पण बुंधा जमिनीतच राहिला. त्यावर लाल माती आणि कोकोपीट टाकून गवत लावलं होतं. नेमक्या त्या कोपऱ्यात पिवळाधमक, फेसासारखा, ताटाएवढा गोळा दिसला. त्यापासून हातभर अंतरावर गवताच्या पात्यांवर करडे, खसखशीहून बारीक दाणे होते, चुलीतली राख भुरभुरल्यासारखे.

एका बाजूला हळद आणि दुसऱ्या बाजूला राख. कोकणात वाढलेल्या माणसाला याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. शेजारच्या काकी फुलं काढायला आल्या होत्या, त्या गडग्यापलीकडूनच म्हणाल्या, "टीचर, हात लावू नका हो. हे बरं नव्हे. कुणीतरी टाकलंय." आमच्या अम्मींनी दारातूनच आयतुल कुर्सी म्हणायला सुरुवात केली आणि मुलांना आत घेतलं. काकी त्याला देवस्की म्हणत होत्या आणि अम्मी करणी. गडग्याच्या दोन्ही बाजूंना अर्थ एकच होता.

मग पुढचा प्रश्न आला, टाकलं कुणी? आमच्या मागच्या आमराईत राखणीला नेपाळी कुटुंबं असतात. बरीचशी आंब्याचा हंगाम संपला की गावी जातात, काही पावसाळ्यातही इथेच राहतात. त्यातली एक बाई पावसाळी भाजीसाठी आमच्या गडग्यालगत टाकळा खुडायला येते. आदल्या संध्याकाळी काकींनी तिला तिथे वाकलेलं पाहिलं होतं. एवढं पुरेसं झालं. दुपारपर्यंत वाडीतल्या चार घरांत हीच गोष्ट होती, आणि प्रत्येक घरात ती बाई थोडी जास्त वेळ वाकलेली होती.

मी भाषा शिकवते, उर्दू आणि मराठी. विज्ञान हा माझा विषय नाही. पण समोर दिसतंय ते काय आहे, हे कळण्याआधी ते कुणी केलं याचा निकाल लागलेला पाहिला आणि मला बसवेना. संशयाची नजर कशी असते हे मला ठाऊक आहे. 2020 च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, फळं-भाजी विकणाऱ्या मुसलमानांबद्दल काय काय व्हिडिओ फिरत होते ते आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. गाडीवाल्याकडून कांदे घेण्याआधी त्याचं नाव विचारलं जात होतं. तेव्हा आपण म्हणत होतो की आधी खरंखोटं बघा. मग तीच गोष्ट आपल्या दारात, आपल्याहून दुबळ्या माणसाच्या बाबतीतही म्हणायला हवी.

मी छत्री घेऊन लॉनवर गेले. तुमच्याकडे असं काही दिसलं तर तुम्हीही पुढच्या चार गोष्टी करून बघा. त्यासाठी विज्ञानाची पदवी लागत नाही.

पहिली, बोटाची परीक्षा. राखेसारखे दाणे असलेलं एक पातं घेऊन चिमटीत पुसलं. दाणे निघून आले आणि खाली पातं हिरवंगार, साबूत. गवतावरचा खरा रोग असा पुसला जात नाही. तांबेरा असेल तर बोटाला नारिंगी भुकटी लागते, पण पात्यावर फोड आणि डाग राहतात. करपा असेल तर पातं तपकिरी पडून वाळतं. इथे पात्याला काहीच झालेलं नव्हतं. ज्याला त्वचेची किंवा दम्याची तक्रार आहे त्याने हे हातमोजा आणि मास्क घालून करावं.

दुसरी, वेळ. सकाळी पिवळा असलेला गोळा संध्याकाळी फिका पडला. दुसऱ्या दिवशी त्यावर बदामी, ठिसूळ पापुद्रा आला. तिसऱ्या दिवशी काडीने टोचल्यावर आतून काळपट चॉकलेटी भुकटी उडाली. हळद अशी वागत नाही. कुत्र्याची ओकही नाही.

तिसरी, जागा. हे नेहमी जिथे काहीतरी कुजत असतं तिथे येतं. जुना बुंधा, लाकडाचा भुसा, कोकोपीट, शेणखत, न उचललेला पातेरा, कापलेल्या गवताचा थर. आमच्या कोपऱ्यात यातलं निम्मं होतं.

चौथी, फोटो. रोज एकाच जागेवरून एक फोटो. तीन दिवसांचे तीन फोटो शेजारी ठेवले की हे टाकलेलं नाही, वाढलेलं आहे, हे कुणालाही दिसतं.

आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना मी ती भुकटी कागदाच्या पुडीत नेऊन दिली. सूक्ष्मदर्शकाखाली गोल, काळसर ठिपक्यांची गर्दी दिसली. ते बीजाणू होते. पिवळं होतं ते बहुधा फुलिगो सेप्टिका आणि राखेसारखं फायसारम सिनेरियम, असं सर म्हणाले. जगभरात कुरणांवर आणि लॉनवर सर्वांत जास्त दिसणाऱ्यांत या दोघांचा नंबर लागतो.

नावात कवक असलं तरी हे कवक नाही, म्हणजे बुरशी नाही. ही गोष्ट समजायला शास्त्रज्ञांनाही बराच काळ लागला. लिनियसने अठराव्या शतकात फुलिगोला बुरशीच्या एका गटात टाकलं. पुढे बुरशीचेच अभ्यासक याचा अभ्यास करत राहिले, कारण ते बुरशीसारखं दिसतं, बुरशीच्या जागी येतं आणि बीजाणूही सोडतं. 1850 च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीच्या अँटोन डी बारी यांनी त्याचं जीवनचक्र नीट पाहिलं आणि हा जीव प्राण्यांच्या जवळचा आहे असं म्हटलं. आज त्याला अमीबाच्या नातेवाइकांत बसवतात. सातवी-आठवीत आपण वहीत काढतो तोच अमीबा.

त्याचं जगणं असं. बीजाणूतून डोळ्यांना न दिसणारी एकेक पेशी बाहेर पडते आणि ओल्या मातीत बॅक्टेरिया खात फिरते. अशा दोन पेशी जुळतात, मग ती एकच पेशी वाढत जाते. आत केंद्रकं हजारोंनी वाढतात, पण पेशीच्या भिंती पडत नाहीत. लॉनवर दिसणारा तो ताटाएवढा पिवळा गोळा म्हणजे एक पेशी! ही पेशी सरपटते. ताशी एखादा सेंटिमीटर, कधी थोडं जास्त. वाटेत बॅक्टेरिया, बुरशीचे कण, कुजका पाला गिळत जाते. हे सगळं मातीत, पालापाचोळ्याखाली, आपल्या नजरेआड चालतं. खाणं संपलं किंवा बीजाणू सोडायची वेळ झाली की ती उजेडात, उंचावर येते, म्हणजे वारा लागेल आणि बीजाणू दूर जातील. त्यासाठी गवताचं पातं हा तिचा जिना. पात्यातून ती काहीही शोषून घेत नाही. म्हणजे ज्या दिवशी ती आपल्याला दिसते, तो तिच्या मुक्कामाचा शेवटचा टप्पा असतो. आपल्याला वाटतं आज आली. ती कितीतरी दिवसांपासून आपल्याच मातीत होती.

हे घाबरणं काही फक्त कोकणातलं नाही. 1973 मध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या डॅलसजवळच्या एका उपनगरात घरामागच्या हिरवळीवर असाच पिवळा गोळा आला. तोडला तरी पुन्हा वाढला. वर्तमानपत्रांत बातम्या आल्या आणि परग्रहावरून काही आलंय की काय, इथपर्यंत चर्चा गेली. शेवटी तो फुलिगो सेप्टिका निघाला. आपण म्हणालो करणी, ते म्हणाले परग्रह. दोन्हीकडे उत्तर बाहेरून आलेल्याकडे बोट दाखवणारं होतं, आणि दोन्हीकडे गोष्ट घरच्याच मातीतली होती.

याच जिवाकडे कुतूहलाने पाहणारे लोकही होऊन गेले. जपानच्या मिनाकाता कुमागुसू या अभ्यासकाने आयुष्यभर हे जीव गोळा केले. 1929 मध्ये सम्राट हिरोहितोंना भेटताना त्याने यांचे 110 नमुने नजराणा म्हणून दिले, तेही कॅरमेलच्या रिकाम्या खोक्यांत. सम्राटांना स्वतःलाच यांचा अभ्यास करायची आवड होती. आपल्याकडे पंजाब विद्यापीठातले के. एस. थिंड यांनी वर्षानुवर्षं देशातले नमुने तपासले. त्यांचं भारतातल्या श्लेष्मकवकांवरचं पुस्तक 1977 मध्ये प्रसिद्ध झालं. 2000 साली जपानमध्येच तोशियुकी नाकागाकी आणि सहकाऱ्यांनी फायसारमच्या एका जातीला छोट्या चक्रव्यूहात ठेवलं आणि दोन टोकांना ओट्स ठेवले. त्या पेशीने बाकीच्या वाटा सोडून सर्वांत जवळच्या वाटेवर आपलं अंग ताणून धरलं. मेंदू नाही, डोळे नाहीत, मज्जातंतू नाहीत. हे वाचून दाखवल्यावर माझ्या धाकट्या मुलाने लॉनवर जाऊन तिच्यापुढे ओट्सचे चार दाणे ठेवले. तोवर ती वाळली होती, त्यामुळे मुंग्यांचं फावलं.

आता इलाजाकडे येते, कारण खरं नुकसान तिथेच होतं. काकींच्या घरी सुपारीवरच्या कोळेरोगासाठी केलेलं बोर्डो मिश्रण उरलं होतं. शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना, म्हणजे एक टक्क्याचं. "त्यातलंच दोन तांबे मारून टाका," असा त्यांचा सल्ला होता, आणि तो प्रेमाचाच होता. दुसऱ्या कुणी मीठ सांगितलं, कुणी ब्लीचिंग पावडर, कुणी रॉकेल. यातलं काहीच करू नका. बोर्डो मिश्रण बुरशीसाठी आहे आणि हा गवताचा रोगच नाही. मोरचुदातलं तांबं मातीत साठत राहतं, ते गरजेशिवाय घालू नये. मीठ, ब्लीचिंग आणि रॉकेल यांनी स्लाइम मोल्ड जाईल की नाही ते नंतर, गवत नक्की जळेल.

करायचं ते एवढंच. पाऊस उघडला की हिरांच्या खराट्याने हलकेच झाडून काढा. गवत वाढलं असेल तर कापा आणि कापलेलं तिथेच पडू देऊ नका. पिवळा गोळा ओला आणि ताजा असेल तेव्हाच फावड्याने खालच्या इंचभर मातीसकट उचलून खताच्या खड्ड्यात टाका. वाळून भुकटी झाल्यावर उचलायला गेलात तर ती घरभर उडेल. तेव्हा आधी पाणी शिंपडा, नाकाला रुमाल बांधा, आणि घरात दमेकरी असेल तर खिडक्या लावा. पाइपच्या जोराच्या धारेनेही दाणे धुऊन जातात, मात्र त्याने बीजाणू इकडेतिकडे पसरतात, म्हणून भर पावसात त्याचा फार उपयोग नाही. मुळांशी साठलेला वाळक्या गवताचा थर दाताळ्याने ओढून काढा. पाणी तुंबत असेल तर चर काढा. पावसाळा सरल्यावर पाणी संध्याकाळी न घालता सकाळी घाला, म्हणजे गवत रात्रभर ओलं राहणार नाही. आणि काहीच केलं नाहीत तरी आठवडा-दोन आठवड्यांत ते आपोआप जातं. फार दाट पसरलं तर सावलीने काही पाती पिवळी पडतात, पुढच्या फुटव्याला ती पुन्हा हिरवी होतात.

पुढच्या पावसाळ्यात ते पुन्हा येऊ शकतं. बीजाणू वर्षानुवर्षं तग धरतात, त्यामुळे मुळापासून संपवण्याचा हट्ट धरू नये. तळातलं कुजकं संपलं की त्याचं येणंही कमी होतं.

लॉनचं काम दहा मिनिटांचं होतं. वाडीचं काम जास्त दिवस चाललं.

तिसऱ्या दिवशी मी काकींना बोलावलं आणि त्यांच्याच हाताने एक पातं पुसायला लावलं. आधी त्या तयार नव्हत्या. मग पदराने पुसलं आणि खालचं हिरवं पातं उन्हाकडे धरून बराच वेळ पाहिलं. मी फोनवरचे तीन फोटो दाखवले. त्यांनी शेवटी विचारलं, "म्हणजे हे आपल्याच मातीतलं?" मी म्हटलं, "आपल्याच. आंब्याच्या बुंध्यातलं." अम्मी पायरीवर बसून ऐकत होत्या. त्यांच्याशी मी वेगळं बोलले. सूरह हुजुरातमध्ये कुणी खबर आणली तर आधी शहानिशा करा, नाहीतर नकळत लोकांचं नुकसान कराल, असं बजावलं आहे, आणि पुढे संशयापासून दूर राहायला सांगितलं आहे. अम्मींना ते माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. त्या एवढंच म्हणाल्या, "मग तिला सांगायला नको का?"

वर्गात मी मुलांना एक शब्द नेहमी सांगते, खातरजमा. उर्दूत खातिर जमा म्हणजे मनाची निश्चिंती, मन जागेवर असणं. मराठीत येता येता त्याचा अर्थ झाला खात्री करून घेणं. मला दोन्ही अर्थ एकाच वाटेवरचे वाटतात. खात्री केल्याशिवाय जी निश्चिंती येते ती दुसऱ्या कुणाच्या तरी जिवावर येते. महाराष्ट्राने 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला. एखाद्यावर करणीचा ठपका ठेवून त्याचा छळ करणं हा त्याखाली गुन्हा आहे. पण गुन्हा घडण्याच्या खूप आधी, नुसत्या नजरा बदलतात तेव्हा पोलीस येत नाहीत. तिथे शेजाऱ्यांनाच बोलावं लागतं.

ती बाई त्या दिवसापासून गडग्याकडे फिरकली नव्हती. तिच्या कानावर कुणी काय घातलं होतं, तिने सांगितलं नाही, मीही खोदून विचारलं नाही. आम्ही दोघी, मी आणि काकी, आमराईतल्या तिच्या खोलीवर गेलो. काकींना हिंदी फारसं येत नाही आणि तिला मराठी थोडंच येतं. काकींनी माझ्या फोनवरचे फोटो तिला एकामागून एक दाखवले आणि हाताने जमिनीकडे खूण केली. तिने फोटो पाहिले, हसली आणि म्हणाली की त्यांच्या गावी पावसात लाकडांवर असलं येतं. तिला त्यात नवल काहीच नव्हतं. आमच्या सगळ्यांत ते पूर्वी पाहिलेली एकटी तीच निघाली.

त्यानंतर टाकळा खुडायला ती पुन्हा यायला लागली, पण लगेच नाही. पिवळा गोळा पाच दिवसांत वाळून गेला, तिला मात्र परत गडग्याशी वाकायला महिना लागला. तोवर टाकळा जून झाला होता.

या जुलैत बुंध्याच्या कोपऱ्यात पुन्हा पिवळं दिसलं, गेल्या वर्षीपेक्षा लहान, बशीएवढं. मी शाळेतून येण्याआधीच काकींनी वाडीतल्या पोरांना गोळा करून दाखवलं होतं, आणि कुणी पाय देऊ नये म्हणून भोवती चार चिरे मांडून ठेवले होते.